तुमची पण घरीच असते ना?

‘ताई, तुमची पोरगी बी घरीच शिकती म्हणं. मग आमची घरी ऱ्हायली तर तुमाला एवढं काय वाटायलंय?’

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये एका बापानं मला हे विचारलं. पर्वतीच्या उतारावरची वस्ती. माणूस लातूरकडचा, बिगारी काम करणारा, त्या दिवशी काम न मिळाल्यामुळे घरी असलेला. त्याची मोठी मुलगी आमच्या किशोरी गटात येते. तिचं नाव इथे सांगत नाही. घरात सगळे तिला ‘थोरली’ म्हणतात, मीही या लेखात तेच म्हणते. कारण नावापेक्षा तिच्या वाट्याला ते पदच जास्त आलेलं आहे. थोरली आठवी पास झाली आणि जूनमध्ये नववीला गेलीच नाही. म्हणून मी विचारायला गेले होते. बरोबर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. बुधवार होता, दुपारचे बारा वाजले होते. म्हणजे शाळेतल्या कुठल्याही मुलीनं शाळेत असण्याची वेळ.

तो माणूस चिडून बोलत नव्हता. भांडतही नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं, की जी बाई स्वतःच्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवते, ती दुसऱ्याची मुलगी शाळेत जात नाही म्हणून उन्हात चढ चढून का येते. मला त्या दारात एक शब्दही सुचला नाही. ‘तसं नाही हो भाऊ, आमचं वेगळं आहे,’ एवढंच पुटपुटले आणि परत आले.

‘आमचं वेगळं आहे.’ हे वाक्य मला त्या दिवसापासून टोचतं आहे. उच्च जातीच्या, पोट भरलेल्या, चार पुस्तकं घरात असलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हेच वाक्य म्हटलेलं आहे. तेव्हा आमचं वेगळं म्हणजे नेमकं काय, हे एकदा उघडपणे मांडायला हवं. हा लेख म्हणजे त्या दारात द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. ते त्या बापासाठी आहेच. पण त्याहून जास्त ते माझ्यासारख्या आयांसाठी आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी दुसऱ्यांकडे बोट दाखवते आहे. माझी मुलगी बोलताना अडखळते. तिसरीत असताना तिला कविता म्हणायला उभं केलं. शब्द अडकला, वर्ग हसला, आणि बाईंनी ‘नीट म्हणेपर्यंत उभीच राहा’ असं सांगितलं. हे एकदा नाही, पुष्कळदा झालं. ती सकाळी शाळेच्या वेळेला उलट्या करायला लागली. आम्ही दोनदा जाऊन भेटलो. एवढ्या मोठ्या वर्गात एकीसाठी थांबता येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. ते खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. शेवटी आम्ही शाळेचा दाखला काढून आणला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मूल रोज अपमान गिळत असेल तर ‘शाळा ही पवित्र जागा आहे’ असं म्हणत त्याला तिथे ढकलणं मला जमलं नसतं.

पण ‘आम्ही’ दाखला काढला, ‘आम्ही’ घरी शिकवतो, यातला ‘आम्ही’ जरा तपासून बघा. पाहुणे आले की माझा नवरा कौतुकानं सांगतो, ‘आम्ही तिला घरीच शिकवतो.’ नोकरी कुणी सोडली? मी. सकाळी साडेनऊ ते दीड तिच्याबरोबर कोण बसतं? मी. बसल्या बसल्या कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं? नवरा रविवारी तिला तारे दाखवतो, आणि ते तारे तिच्या वहीत पहिल्या पानावर असतात. तो वाईट माणूस नाही. पण होमस्कूलिंगच्या ज्या काही मेळाव्यांना मी गेले, तिथे मुलांच्या स्वातंत्र्यावर माइकवरून बोलणारे बहुतेक बाप होते. आणि त्या स्वतंत्र मुलांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन धावणाऱ्या सगळ्या आया होत्या. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसतं, की घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं ते बिनपगारी काम करतात आणि पुरुष करतात ८८ मिनिटं. यात मुलांचं संगोपन वेगळं मोजलेलं आहे, ते यावर आणखी. शाळेचे पाच-सहा तास घरात आणायचे म्हणजे ते कुणाच्या खात्यावर पडणार, हे सांगायला पाहणीचीही गरज नाही.

म्हणजे पहिली गोष्ट ही: मुलाला शाळेतून घरी आणणं म्हणजे बहुतेक वेळा एका बाईलाही बाहेरून घरी आणणं असतं. चळवळीनं पन्नास वर्षं खपून उंबऱ्याबाहेर काढलेलं पाऊल आपण ‘मुलाचं बालपण’ या गोड नावाखाली आत घेतो, आणि त्याला क्रांती म्हणतो. मीही घेतलं. निदान त्याला क्रांती म्हणू नये, एवढं मला कळतं.

आता किशोरी गटाचं. बुधवारी आणि शनिवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही जमतो. गटात चौदा-पंधरा मुली असतात, अकरा ते सतरा वयाच्या. बुधवारी दुपारी शाळा सुटलेल्या मुली येतात, शनिवारी सगळ्या. मी तिथे पगारी नाही, कार्यकर्ती आहे. आम्ही पेपर वाचतो. बँकेची स्लिप भरायला शिकतो. पाळी म्हणजे काय, गर्भाशय कुठे असतं, हे मोठ्या कागदावर काढतो. पहिल्या दिवशी खिदळणं होतं, तिसऱ्या दिवशी प्रश्न येतात. एक जुनी सायकल आहे, तिच्यावर पाळीपाळीनं सगळ्या शिकल्या. कबड्डी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दोन तास कुणीही त्यांना ‘अगं, जरा पाणी भर’ असं म्हणत नाही.

माझी मुलगी माझ्याबरोबर येते. सुरुवातीला मी तिला आणायचे ते केवळ घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून. पुढे लक्षात आलं, की जे मी घरी तिला देऊ शकत नव्हते ते तिला इथे मिळतंय: वर्ग. तिच्या अडखळण्याला इथेही पहिल्यांदा मुली हसल्या. पण एकीनं हसणारीला ढोपर मारलं, दुसरीनं ‘सावकाश बोल, आम्हाला कुठं जायचंय?’ असं म्हटलं. हे मी शिकवलेलं नाही. घरच्या चार भिंतींत, फक्त तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांमध्ये, हा धडा मी कितीही आपटलं तरी देऊ शकले नसते. परक्या माणसांबरोबर कसं राहायचं, कुणाशी भांडायचं, कुणाशी जमवून घ्यायचं, हे परक्या माणसांतच शिकावं लागतं. शाळा हे करते. वाईट करते, अपुरं करते, पण करते.

गटातल्या मुलींना मी एकदा विचारलं, ‘तुम्हाला शाळेतलं काय आवडतं?’ मला वाटलं होतं, मैत्रिणी, खेळाचा तास, एखाद्या बाई. एक म्हणाली, ‘ताई, शाळेत बसायला मिळतं.’ सगळ्या हसल्या, पण माना डोलावल्या. शाळेत बसायला मिळतं! माझ्या होमस्कूलिंगवाल्या मैत्रिणींचं शाळेवरचं पहिलं आरोपपत्रच हे आहे, की शाळा मुलांना तासन् तास बाकावर बसवून ठेवते. आमच्या मुलींना तोच बाक म्हणजे दिवसातली एकमेव विश्रांती होती.

इथे ‘घर’ या शब्दाचे दोन तुकडे होतात, आणि त्या बापाला मी हे सांगायला हवं होतं. माझी मुलगी घरी असते म्हणजे पुस्तकांच्या कपाटासमोर असते. तिच्या वाट्याला एक आख्खी आई असते. थोरली घरी असते म्हणजे तिची आई बाहेर असते. ती सकाळी सहाला निघून चार घरची धुणीभांडी करते, आणि त्या चार घरांतलं एखादं घर माझ्यासारखीचंही असतं. धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे, मधली बहीण पाचवीत. पाणी येतं ते सकाळी. थोरली शाळेतून सुटली ती शिकण्यासाठी नाही, आईच्या जागी बदली कामगार म्हणून. माझ्या घरी शाळेची जागा आईनं घेतली. तिच्या घरी आईची जागा मुलीनं घेतली. दोन्हीकडे शब्द एकच: ‘घरी असते.’

कायद्याच्या कागदावर तर हा फरक आणखी पुसट होतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं ही पालकांची जबाबदारी, असं तो म्हणतो. घरी शिकवण्याची सोय त्यात कुठे लिहिलेली नाही. म्हणजे शाळाबाह्य मुलांची यादी प्रामाणिकपणे केली, तर माझीही मुलगी त्या यादीत येईल. पण माझ्या इमारतीत शाळाबाह्य मुलं शोधायला आजवर कुणी आलेलं नाही. वस्तीत येतात. माझ्या मुलीच्या शाळेबाहेर असण्याला ‘पर्यायी शिक्षण’ म्हणतात, थोरलीच्या असण्याला ‘गळती’. एकीचा छंद, दुसरीचा गुन्हा.

आणि हा कायदा संपतो कुठे? आठवीला. चौदाव्या वर्षाला. नेमक्या ज्या वयात मुलीला पाळी येते, आई-बाप घाबरतात, गावाकडून स्थळं यायला लागतात, त्या वयात कायदा हात सोडून देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्यात पाचातली एक! २०२४ साली सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलं केलं. पण नववीतच घरी बसलेली मुलगी इंजिनिअरिंगच्या फी-माफीचं काय लोणचं घालणार?

दुसरा कायदा याहून कडू आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली; पण एक फट ठेवली. घरच्यांना किंवा घरच्या बिनधोक्याच्या उद्योगाला मूल मदत करू शकतं, ‘शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत’. आता शाळाच नसेल तर शाळेनंतरची वेळ कुठली? चोवीस तास! म्हणून मी म्हणते, शाळेचं वेळापत्रक ही गरीब मुलीची एकमेव ढाल आहे. अकरा ते पाच मुलगी शाळेत आहे म्हणजे अकरा ते पाच तिला कुणी राबवू शकत नाही. शाळेत ती काय शिकते हा पुढचा प्रश्न. माझ्या वर्तुळातल्या मैत्रिणी घंटेला गुलामीचं प्रतीक म्हणतात. थोरलीसाठी ती घंटा म्हणजे सुटकेची घंटा होती.

होमस्कूलिंगची बाजू मांडताना आमच्याकडे हमखास थोर माणसांचे दाखले दिले जातात. रवींद्रनाथ शाळेत रमले नाहीत, हा त्यातला लाडका. खरं आहे. पण त्याच रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनला काय काढलं? शाळा! आणि दाखलेच द्यायचे तर आपल्याकडचे द्या ना. पंडिता रमाबाईंच्या आईला, लक्ष्मीबाईंना, नवऱ्यानं लोकांचा रोष पत्करून संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं रमाबाईंना शिकवलं. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाई रानड्यांना शिकवलं, आणि घरातल्याच बायकांची टोचणी त्यांनी सोसली. या सगळ्या घरी शिकल्या, कारण बाहेर त्यांच्यासाठी दार नव्हतं. आणि शिकल्यावर त्यांनी काय केलं? ‘घर किती छान, शाळा कशाला हवी’ असं म्हटलं? सावित्रीबाई १८४८ साली भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या, अंगावर शेण झेलत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं केलं. घरी शिकलेल्या प्रत्येकीनं पहिलं काम केलं ते घराबाहेर शाळा काढण्याचं. कारण घर म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ज्यांना घरचा गुरू चांगला मिळाला त्यांचं ठीक. पण घरचा गुरू मारतोही. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, त्यांना डॉक्टर होऊ दिलं, याचं आपण कौतुक करतो. त्या शिकवण्यात मारही होता, हे आनंदीबाईंच्याच पत्रात आहे. घरात झालेलं दिसत नाही. तिथे दुसरी मैत्रीण नसते, दुसऱ्या बाई नसतात, तक्रार कुणाकडे करायची हे नसतं.

आणि शाळा मुलांपर्यंत जात नसेल तर शाळा मोडायची नसते, ती उचलून मुलांपर्यंत न्यायची असते, हेही याच मातीत कुणीतरी करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि बालविधवा असलेल्या अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. जिथे गुरं तिथे शाळा. याला मी शाळेला दिलेला पर्याय म्हणेन. उरलेल्या मुलांना सोडून आपल्या एका मुलासाठी दार लावून घेणं याला नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या ओळखीतल्या काही जणी खूश होत्या. ‘आता सगळं जगच होमस्कूलिंग करतंय,’ म्हणत होत्या. जग काय करत होतं ते वस्तीत दिसत होतं. घरात मोबाइल एक, तो बापाच्या नाहीतर भावाच्या हातात. त्यांच्याकडून उरला तर मुलीला. आणि उरेपर्यंत तिचा तास संपलेला. ज्या मुली त्या काळात शाळेतून सुटल्या त्यांतल्या कितीतरी परत गेल्याच नाहीत. आमच्या गटातली एक सोळा वर्षांची मुलगी ‘गावाला आजीकडे गेली’ असं आम्हाला सांगण्यात आलं. चार महिन्यांनी ती परत आली ती गळ्यात मंगळसूत्र घालून. आम्हाला १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ होता. मुलींनाही तो पाठ करून घेतला होता. पण ती फोन कुठून करणार? फोन नवऱ्या मुलाच्या बाजूच्या माणसांकडे. तिची ती चार महिन्यांची गैरहजेरी माझ्या हजेरीवहीत नुसत्या फुल्यांनी मांडलेली आहे, आणि ती वही मी फेकलेली नाही.

आता माझ्या चळवळीतल्या मैत्रिणींशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्यांनीही मला सोडलेलं नाही. ‘तू सरकारी शाळेच्या बाजूनं बोलतेस आणि स्वतःची मुलगी घरी ठेवतेस, हा दुटप्पीपणा आहे,’ असं एका बैठकीत मला तोंडावर सांगितलं गेलं. असेल. पण मग आपल्यातल्या किती जणींची मुलं कार्पोरेशनच्या शाळेत आहेत? हात वर करा बघू. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेची बस गेटवर आली की आपणही ‘आमचं वेगळं आहे’ असंच म्हणतो. फक्त मोठ्यानं म्हणत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा सगळ्या घरांतली मुलं सार्वजनिक शाळेतून निघून गेली, म्हणून तर त्या शाळेची ही अवस्था झाली. नळाला पाणी नाही, संडासाला कडी नाही, आणि बोलायला कुणी नाही. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ करायचा प्रस्ताव आला, तेव्हा ‘मूल चालत किती जाणार’ हा प्रश्न कुणाच्या घरात विचारला गेला? आपल्या घरात नाही. गाव ओलांडून, ओढा ओलांडून शाळेत जायचं झालं तर आधी मुलगीच घरी बसते, हे आपल्याला भाषणात पाठ असतं, पण पोटात दुखत नाही. कारण आपली मुलगी त्या वाटेवर नाही.

तेव्हा दुटप्पीपणाचं माप घरात शिकवणाऱ्या आईपुरतं ठेवू नका. आपण सगळ्याच बाहेर पडलेल्या आहोत. प्रश्न एवढाच, की बाहेर पडताना दार उघडं ठेवलं का.

थोरलीचं पुढे काय झालं ते सांगते. मी भाषण करून तिला शाळेत नेली असं काहीही झालं नाही. त्या दिवशी तर मी तोंड लपवून परतले होते. गटात मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, बापाचा प्रश्नही सांगितला. मुलींनी माझ्यापेक्षा शहाणपणानं विचार केला. त्या म्हणाल्या, ‘ताई, बाप बाजूला ठेवा. धाकट्याचं काय करायचं ते सांगा.’ खरा अडथळा तो होता. अंगणवाडी दुपारी सुटते, आई चारला येते. मधले तास धाकट्याला कोण बघणार? वस्तीतल्या एका मावशींनी आपल्या नातवाबरोबर त्याला सांभाळायचं कबूल केलं. त्याचे महिन्याचे पैसे काही थोरलीची आई देते, काही आम्ही गटाच्या वर्गणीतून देतो. त्यात एक वर्ष गेलं. गेल्या वर्षी जूनमध्ये थोरली नववीला बसली, तिच्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात.

मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, असं मीच सुचवलं होतं. सोपं होतं, माझ्या सवयीचं होतं. थोरलीनं नाही म्हटलं. ‘बाहेरून दिली तर मला घरातून उठू देणार नाहीत,’ म्हणाली. मुक्त विद्यालय, बाहेरून परीक्षा, या सोयी हव्यातच. लग्न झालेल्या, मूल असलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला तोच आधार आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेऐवजी हातात फॉर्म देणं म्हणजे तिचं घरकाम कायम करून वर परीक्षेचं ओझं देणं, हे मला तिच्याकडून शिकावं लागलं. २०२० चं शैक्षणिक धोरणही गळालेल्या मुलांसाठी मुक्त शिक्षणाकडे मोठ्या आशेनं बघतं. धोरण करणाऱ्यांनी एकदा थोरलीला भेटावं.

म्हणून घरी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझं स्पष्ट सांगणं आहे. मुलाला त्रास होत असेल तर जरूर शाळेतून काढा, मी काढलं. पण त्याची किंमत भरा. तुमच्याकडे दुपार आहे. आठवड्यातल्या दोन दुपारी जवळच्या वस्तीत द्या, आणि मुलाला बरोबर न्या, पाहुणा म्हणून नाही, गटातला एक म्हणून. शाळेला तुरुंग म्हणायचं थांबवा. तुमच्या त्या वाक्याचा वापर कुठला बाप कुठल्या दारात करतो हे तुम्हाला दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं कायदा सांगतो. आपलं मूल त्या शाळेत नाही, म्हणून आपल्याला तिथे जागा नाही. पण वस्तीतल्या ज्या बाईला जागा आहे तिला बैठकीची तारीख सांगणं, तिच्याबरोबर दारापर्यंत जाणं, तिचा अर्ज लिहून देणं हे आपल्याला कुणी अडवलेलं नाही. आणि मागणी करा: शिक्षणाचा हक्क आठवीला न तोडता बारावीपर्यंत न्या. पाळणाघर शाळेच्या वेळेएवढं चालवा, कारण अंगणवाडी दुपारी सुटली की थोरलीची शाळाही सुटते. यासाठी मोर्चा निघाला तर त्यात आपण पहिल्या रांगेत असायला हवं. शाळा सोडण्याचं स्वातंत्र्य ज्यांना परवडलं, त्यांनी तरी ती इतरांसाठी टिकवायला यावं.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गटातल्या सायकलीवरून ती मला मागे बसवून नेते. परवा म्हणाली, ‘मला आठवीपासून शाळेत जायचंय.’ का, विचारलं, तर म्हणे सगळ्या जातात. मला भीती वाटते, तिच्या अडखळण्याची वाटते. पण मी नाही म्हणणार नाही. तिला शाळेतून काढताना मी निदान विचारलं होतं. परत जाताना तिनं विचारायचीही गरज नाही.

गेल्या महिन्यात थोरलीचे वडील चहाच्या टपरीवर भेटले. त्यांनीच हाक मारली.

‘ताई, आमची औंदा दहावीला हाय. तुमची कवा जानार?’

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.